ओहोटी साडेतीनला

मिस संपली की सूचना असतात.
लोक अर्धे उठलेले, छत्र्या चाचपत,
वरचा पंखा तेवढा मन लावून कुरकुरतो.

पाद्र विगार चष्मा पुसतात नि वाचतात:
सापडलेली किल्ली रुझारकडे आहे.
शनिवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग नाही, शिक्षिकेला मुलगी झाली.
थडग्यांवर प्लास्टिकची फुलं ठेवू नका,
वाहून खाजनात जातात, खेकडे त्यांत अडकतात.
आणि मग, कागदाकडे न बघता:
आज ओहोटी साडेतीनला.

हे मी पायरीवरून ऐकते.
मी या देवळातली नव्हे.
रस्त्यापलीकडच्या मराठी शाळेत सत्तावीस वर्षं बाराखडी शिकवली,
तीही इथल्याच घंटेवर, आमचं घड्याळ मागे पडायचं म्हणून.
इनासिनाला गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवत नाहीत,
तेव्हा दर रविवारी तिची छत्री घेऊन उभी असते.

यंदा मानशीचं दार गेलं.
मासळीच्या ठेकेदाराने उघडं ठेवलं, कोणी म्हणालं,
कुजलेलंच होतं, कोणी म्हणालं,
कोमुनिदादीचा अर्ज पणजीत कुठल्या टेबलावर आहे
यावरही बरंच बोलणं झालं.
खारं पाणी काहीच बोललं नाही. आत आलं.

सगळ्या खाजनात मीठ. उरली एक पट्टी,
इनासिनाची, कोरगुट भाताची.
हे भात खारट पिऊन जगतं,
माझ्यासारखं, असं तीच सांगते
आणि खोकला येईपर्यंत हसते.

कणसांच्या फेस्ताला दरवर्षी वेदी दिसत नाही, इतकं भात.
आज पहाटे रुझार सांक्रिस्तांव विळा घेऊन गेला
आणि सात कणसं घेऊन आला.
सातच?
पाणकोंबडी बसलीय तिथं, तो म्हणाला. चार अंडी.
मी जवळ गेलो तर उठलीसुद्धा नाही, बघत राहिली.
काठावरची तेवढी घेतली.
विगारांनी मोजली, एक वाकलेलं सरळ केलं,
पितळी फुलदाणीत ठेवली.
त्यावर प्रवचन झालं नाही.

घराला जुडी मिळायची, यंदा माणशी एक दाणा.
दूधही नीट न आटलेला.
रुझार खाली पायरीपर्यंत आला: टीचर, हात.

साडेतीनला चिखल उघडा पडला.
मिसेचे कपडे गुडघ्यापर्यंत खोचून सगळे बांधावर,
वेदीवरची पोरं टोपल्या ओढताहेत,
आमच्या शाळेच्या पालकांनी फावडी आणली,
आणि विगारांचे पाय गावाने पहिल्यांदा पाहिले:
बगळ्याचे. कोणीतरी फिसकन हसलं, मग विगारही.

नवं दार फणसाच्या फळ्यांचं. फटी राहिल्याच.
तेव्हा रुझारने सायकलवरून बिस्किटांचा डबा काढला.
आत मेण. वर्षभर सुरीने खरवडलेलं,
फरशीवरून, मेणबत्त्यांच्या बैठकांवरून:
कोणाच्या मयताचं, कोणाच्या बारशाचं,
बोटीवर गेलेल्या मुलासाठी रोज एक लावणाऱ्या बाईचं,
बारावीच्या निकालाचं बरंचसं.
दगडांच्या चुलीवर ते वितळलं, एकच रंग झाला,
आणि त्याने बोटं भाजत फटींत भरलं.
कोणाचं कुठल्या फटीत गेलं, देवाला ठाऊक.

सांजेला भरती आली.
पाण्याने दाराला खांदा लावला.
आम्ही गप्प. खाली एका कोपऱ्यातून
एक बारीक धार आलीच.
रुझारने तिथं अंगठा दाबला आणि तसाच बसून राहिला.
त्या दिवशी आंजेलुसाची घंटा उशिरा झाली.

घरी येऊन मूठ उघडली तर दाणा नाही.
टोपल्या देता घेता कधी चिखलात गेला असेल.
इनासिनाला सांगितलं, अपराध्यासारखं.
बांधात भात उगवत नाही, टीचर, ती म्हणाली.
छत्री मिटली. खुंटीला लावली.
मग म्हणाली,
बघू.